न चाखलेली आंबील

हैदराबादच्या बारमध्ये शिवानीच्या हातचं पेय प्यायला लोक ताटकळत थांबायचे, आणि उदगीरच्या घरात तिच्या हातचं पाणी चालत नव्हतं. आपण कॉकटेल बनवतो हे तिनं दोन वर्षांपूर्वी स्वतःच सांगून टाकलं होतं. तेव्हापासून तिचे वडील उमाशंकरअप्पा तिच्याशी हसूनखेळून बोलत, स्टँडवर घ्यायला येत, पण तहान लागली की हाक मात्र दानम्माला, तिच्या आईला. भांडले असते तरी चाललं असतं. हे फार लागायचं.

यंदा वेळ अमावास्येला, रानातल्या पिकाच्या पूजेच्या दिवशी, दानम्माचा हात प्लास्टरमध्ये आणि शेतात सगळं गणगोत जेवायला येणार. आंबील मी करते, असं शिवानीनं कुणी विचारायच्या आत सांगून टाकलं. ज्वारीचं पीठ शिजवून आंबट ताकात कालवलं, आलं-लसूण-मिरची ठेचून घातली, जिरं भाजून चुरडलं. बारमध्ये ती थेंबभर चाखल्याशिवाय पेला पुढं करत नाही. इथं शेतात पांडव म्हणून पुजायच्या पाच दगडांना नैवेद्य दाखवेपर्यंत जीभ लावायची सोय नाही. तिनं नाकावर भागवलं.

शेतात पोचल्यावर दानम्मा सहज म्हणाली, "मीठ म्या पहाटंच टाकलंय बग."

शिवानीनंही टाकलं होतं. चाखता येत नाही म्हणून दोघींनी आपापल्या परीनं काळजी घेतली होती.

"किती टाकलंस, दाखव," ती म्हणाली. दानम्मानं तळवा पसरून दाखवला. बस्स, तेवढं पुरलं. शिवानीनं तीन दगड मांडून सोबत आणलेलं पीठ बिनमिठाचं शिजवलं, निववलं, उरलेल्या ताकात घालून मडक्यात ओतलं. पातळ झालं की तिखट मरतं हे तिला कुणी सांगायला नको होतं. आलं-मिरची आणखी ठेचली. मग या भांड्यातून त्या भांड्यात उंचावरून धार धरली. अहमदपूरच्या सिंधुआत्यानं नाक मुरडलं. बांधावर बसलेले अप्पा मात्र लेकीच्या हाताकडं टक लावून बघत होते.

कडब्याच्या पेंढ्यांनी उभारलेल्या कोपीत पूजा झाली, रानभर आंबील शिंपडून झाली. पहिला पेला घरधन्याचा. दानम्माचा हात गळ्यात, म्हणून पेला शिवानीनंच पुढं केला. अप्पांनी तो घेतला आणि नुसताच धरून उभे राहिले. आता 'नंतर पितो' म्हणून खाली ठेवणार, असं तिला वाटलं.

ते प्यायले. सावकाश, तळापर्यंत.

मग पेले सगळीकडं फिरले. सिंधुआत्यानं दुसरा पेला मागितला आणि पोरीचा हात एवढा कुठं बसला म्हणून विचारलं. शिवानी हॉटेलात हिशेब बघते, असंच तिला आजवर सांगितलेलं. माझंच बघून शिकली, असं दानम्मा घाईघाईनं म्हणू लागली, तर अप्पांनी तिला थांबवलं.

"बारमध्ये," ते आत्याला म्हणाले. "माझी लेक हैदराबादला दारूचे पेले बनवती. हात तिथंच बसलाय तिचा."

अप्पांनी आपला रिकामा पेला लेकीपुढं धरला.

"भर."