रीताचे दहा चिंचोके

आदेशला बोलता येत नाही, नुसतं विचारता येतं, अशी रुखमाबाईची तक्रार होती, आणि ही तक्रार तिनं काही पोटात ठेवली नव्हती. नातू चंद्रपूरहून आला की पाणी पिण्याआधी वही काढायचा. कोणाकडे बसायला गेला तर त्या घरचं म्हातारं बरं आहे का, गाय व्याली का, हे राहिलं बाजूला. घरात माणसं किती, शिकलेली किती, सरपणाला कोण जातं, किती वेळ लागतो, हेच सुरू. एकदा त्यानं आजीलाच विचारलं, "आजी, तू दिवसातून किती तास चुलीपाशी असतेस?"

"तुह्या बापाले जेवू घालून मोठं केलं, तेवढे तास," ती म्हणाली. "लिही."

बाप म्हणजे खुशाल, चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या वीज केंद्रात नोकरीला. आदेश तिथल्या क्वार्टरमध्येच लहानाचा मोठा झाला. गावाशी त्याची ओळख उन्हाळ्याच्या सुट्टीपुरती, आंबे संपले की संपणारी. पोरानं एम.ए.ला अर्थशास्त्र घेतलं तेव्हा रुखमाबाईला वाटलं, चला, बँकेत लागेल. ती स्वतः दुसरी शिकलेली. सही करायची आणि एसटीची पाटी वाचायची. पण पोरगा सांगायला लागला की आता त्या विषयात हुंडा येतो, दारू येते, पोरींची शाळा सुटणं येतं. माणसं एकमेकांशी कशी वागतात तेसुद्धा मोजून काढता येतं.

"मोजून काय होते?"

"समजते मग, आजी."

"मले न मोजता समजते," ती म्हणाली, आणि खरंच तिला तसं वाटायचं.

वाटायला कारणही होतं. गावातल्या बारा बायांची धानाच्या रोवणीची टोळी बावीस वर्षं तिच्या शब्दावर चालली होती. एकीच्या बांधीत, धानाच्या खाचरात, बारा जणी वाकायच्या, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. रोजी कोणी कोणाला देत नव्हतं. कोणाचा नंबर कधी, ते रुखमाबाई ठरवायची, आणि तिनं ठरवलं की नवरेही चिखलणीचा ट्रॅक्टर तिकडेच वळवायचे. एक नेम मात्र तिनंही कधी मोडला नव्हता. ज्या घरात त्या वर्षी दुःख झालं, त्या घराचं धान आधी लागायचं.

यंदा तो मान रीताचा होता. ज्येष्ठात तिचा नवरा प्रफुल दोन दिवसांच्या तापानं गेला. पदरात शाळेत जाणारी एक पोरगी आणि तीन बांध्या. दीर तेलंगणात कामाला गेलेला; तो निरोप मिळून येईस्तोवर पाऊस लागला आणि वैनगंगा दोन्ही थड्या धरून वाहू लागली. रीताचे पऱ्हे, रोवायची धानाची रोपं, मात्र टोळीत सगळ्यांच्या आधी तयार झाले होते. सोमवारी सकाळी तिच्या बांधीत उतरायचं, असं ठरलं.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आदेशनं बायांना शाळेत बोलावलं. प्रकल्पासाठी एक खेळ होता.

खेळ साधा होता. प्रत्येकीला दहा चिंचोके मिळायचे. एकेकीनं आतल्या खोलीत एकटीनं जायचं. तिथं टेबलावर मडकं. त्यात मनाला येतील तितके चिंचोके टाकायचे, उरलेले बाहेर आणून मुठीतल्या मुठीत आदेशला द्यायचे. मडक्यात जेवढे जमतील त्याचे तो दुप्पट करणार आणि बाराही जणींत सारखे वाटणार. स्वतःपाशी राखले ते जिचे तिचे. शेवटी एका चिंचोक्याला एक चमचा साखर.

"म्हणजे मी काहीच नाई टाकलं तरी मले वाटा भेटन?" झिंगूनं विचारलं. झिंगू म्हणजे टोळीतली सगळ्यात तोंडाळ बाई.

"भेटन, काकू."

"मंग येड्यावानी कोण टाकन?"

"तेच तर पाहाचं आहे," आदेश हसला. "आणि कोणी किती टाकले ते कोणालेच समजणार नाई. नाव नाई, नुसता नंबर. माझ्याशिवाय कोणाले माहीत नाई होणार."

रुखमाबाई पहिली गेली. दहाच्या दहा टाकले आणि रिकामी मूठ नातवापुढे उघडून दाखवली. मडकं कसं आहे, कशानं झाकलं आहे, इकडे तिचं लक्षच गेलं नाही. आपण दहा टाकले हे नातवानं नीट लिहिलं की नाही, तिकडे तिचा डोळा होता. मग एकेक जण आत गेली आणि बाहेर आली. रीता आत गेली तशी लगेच आली. साखर घेऊन सगळ्या हसत घरी गेल्या.

संध्याकाळी भात वाढता वाढता रुखमाबाईनं विचारलं, "काय निंघालं रे तुह्या मडक्यातून?"

"मस्त निंघालं आजी. असं तर पुस्तकातच असते. बहुतेक जणींनी सात-आठ टाकले. आणि एकीनं एक बी नाई. पूर्ण फुकट्या. वाटा घेतला पण टाकलं शून्य."

"कोण?"

"सांगता येत नाई."

"माह्यापासून लपवतो? या टोळीतल्या बायांचे बाळंतपणं केले मी."

आदेशला खरं तर सांगायचंच होतं. इतका छान आकडा मनातल्या मनात ठेवणं त्याच्यानं होत नव्हतं. "कोणाले सांगू नको बरं," म्हणाला, आणि रीताचं नाव घेतलं.

रुखमाबाईनं भाताचं पातेलं खाली ठेवलं. जिच्यासाठी सगळ्या जणी उद्या आपापले पऱ्हे सोडून वाकणार, तिनं चिंचोका टाकला नाही? एक? आजवर हिला ओळखलं नाही, हा राग रीतावर कमी आणि स्वतःवर जास्त होता. पण रुखमाबाईचा राग नेहमी दुसऱ्याच्या दारात जाऊन बसायचा.

सोमवारी सकाळी बाया शिदोऱ्या घेऊन चौकात जमल्या. रीता अजून यायची होती. रुखमाबाई म्हणाली, "आज झिंगूची बांधी. रीताची सगळ्यात शेवटी."

"काऊन बाई? आपलं तर ठरलं होतं."

"ठरलं होतं माणसासाठी. कालच्या खेळात दहाचे दहा घरी नेले तिनं. दुसऱ्याचं गोड लागते, आपलं सुटत नाई."

एवढं पुरलं. रीता आली तेव्हा कोणी तिच्याकडे पाहिलं नाही. तिनं काही विचारलंही नाही. पदर खोचला, झिंगूच्या बांधीत उतरली आणि दिवसभर रोवलं. दुसऱ्या दिवशी उर्वशीच्या बांधीत. तिसऱ्या दिवशी आणखी कोणाच्या. बाया रोवताना गाणी म्हणायच्या, रीता जवळ सरकली की गाणं थांबायचं. शिदोरी सुटायची तेव्हा ती एकटी धुऱ्याच्या बांधावर बसायची.

आदेश रोज बांधावर छत्री घेऊन उभा राहायचा आणि वहीत लिहायचा. एका रात्री जेवताना म्हणाला, "आजी, प्रकल्पाचा दुसरा भाग आपोआप झाला. फुकट्याले गाव शिक्षा कशी देते, हे दाखवाले लोकं वर्ष वर्ष घालवतात. सर फोनवर लय खूश झाले."

रुखमाबाई खरकटी ताटं उचलू लागली. आपल्या रागाची अशी वाहवा होईल हे तिला ठाऊक नव्हतं आणि ते तिला आवडलं नाही.

आठव्या दिवशी रीताच्या पऱ्ह्यांकडे तिचं लक्ष गेलं. रोवायची वेळ टळून ते गाठी धरू लागले होते, शेंडे पिवळे पडत होते. शेतकऱ्याच्या लेकीला ते पाहवत नाही. ती तशीच रीताच्या दारात गेली.

"पऱ्हे चालले तुये, आणि तू तोंड शिवून बसली? भांडाले तरी यायचं होतं माह्याशी!"

"काय म्हणून भांडू, बाई? नव्हतेच टाकले म्या."

"काऊन नाई टाकले? साखर का जास्त होती ती?"

रीतानं पोरीला पाणी आणायला बाहेर धाडलं. मग हळू म्हणाली, "बाई, ते मडकं पाहिलं नाई का तुमी? कोरं मडकं. तोंडाले पांढरा कपडा बांधेल, मधी नुसती चीर. खोलीत अंधार. त्यात हात कसा घालू मी?"

रुखमाबाईला नाल्याकाठचा आंबा आठवला. प्रफुलच्या अस्थी अजून गेल्या नव्हत्या. नदी उतरली की वैनगंगेकाठच्या मार्कंड्याला नेऊन सोडायच्या म्हणून नाल्याकाठच्या आंब्याला टांगल्या होत्या. कोऱ्या मडक्यात. तोंडाला पांढरा कपडा. शेतात जाता-येता रीता रोज त्या फांदीखालून जायची. आणि क्वार्टरमध्ये वाढलेल्या पोरानं आत काय पडतं ते दिसू नये म्हणून नेमकं तसंच मडकं टेबलावर मांडलं होतं. आणि आपण, पहिल्याच आत गेलेल्या, आपलीच मूठ मिरवत बाहेर आलो होतो.

"सांगाचं नाई होय? त्याच वक्ताले?"

"कोणाले सांगू? शुभ काम होतं तुमच्या नातवाचं. अस्थीचं नाव कशाले काढू? तुमी बी नका सांगू बाई. बाया म्हणतीन, हिचा नवरा अजून हिच्या मागं फिरते. पोरगी भेते मंग."

रुखमाबाईनं शब्द दिला.

घरी येऊन तिनं आदेशला सगळं सांगितलं. तो या खेळाचा धनी, त्याला कळायलाच हवं होतं. त्याचा चेहरा उतरला. पण थोडाच वेळ.

"असं होते कधी कधी, आजी. पण एकीनं काई फरक पडत नाई, सरासरी तीच राह्यते."

"सरासरी गेली खड्ड्यात. उद्या मी बायांपुढं बोलणार आहे. तू संग उभा राह्य. अस्थीचं काई बोलाचं नाई. तू एवढंच म्हण का तुयीच चूक झाली, त्या नावात काई अर्थ नाई, आजीले सांगाले नव्हतं पाह्यजे. तू शिकेल हायस. तुयं ऐकतीन."

"येत्या सोमवारी सादर करायचं आहे आजी. मीच म्हटलं की नाव फुटलं, तर सर सगळंच रद्द करतीन. खेळाची पहिली अटच ती होती."

"येशीन का नाई?"

"येईन," तो म्हणाला.

दुसऱ्या सकाळी चौकात रुखमाबाई बावीस वर्षांत पहिल्यांदा टोळीपुढं खाली मान घालून उभी राहिली. "बायांनो, मी गैर बोलली. रीताचं तसं काई नव्हतं. आज तिची बांधी लावू."

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. झिंगू हसली. "पऱ्हे पाहून पाघळल्या, बाई? तुमी तर म्हणत होत्या दहाचे दहा घरी नेले."

"चूक झाली माही."

"तुमची कवा चूक झाली बाई? तुमी दया करून राह्यल्या." झिंगूनं मान वळवली. "बाबू, तूच सांग. तू तर लिहेल आहे. नेले का नाई तिनं?"

सगळ्या आदेशकडे वळल्या. रीताही. छत्रीच्या मुठीवर त्याची बोटं घट्ट झाली. त्यानं आजीकडे पाहिलं, मग वहीकडे पाहिलं.

"मला सांगता येत नाही," तो पुस्तकातलं बोलल्यासारखा म्हणाला. "ती माहिती गुप्त असते."

झालं. त्यानं सांगायचं टाळलं, ते बायांनी होय म्हणून ऐकलं. झिंगूनं शिदोरी डोक्यावर घेतली आणि आपल्या वाटेनं चालू लागली. तिच्यामागं सात जणी गेल्या. टोळी अशी मोडलेली त्या गावानं पाहिली नव्हती. रुखमाबाईच्या जिभेवर अस्थीचं मडकं आलं होतं. एका वाक्याचं काम होतं. रीता तिच्याकडे पाहत होती. रुखमाबाईनं ते वाक्य गिळलं.

त्या दिवशी रीताच्या बांधीत चौघी उतरल्या: रीता, उर्वशी, उर्वशीची सासू आणि सत्तरीतली रुखमाबाई, जिनं गेली सहा वर्षं फक्त धुऱ्यावरून हुकूम सोडले होते. पाच दिवसांत दोन बांध्या लागल्या. तिसरीचे पऱ्हे ढोरांपुढं टाकावे लागले. पाचव्या दिवशी रुखमाबाईला कोणीतरी हात देऊन चिखलातून वर काढलं, तेव्हा तिनं तो हात कोणाचा आहे तेही पाहिलं नाही.

आदेश चंद्रपूरला गेला होता. महिन्याभरानं आला तो पेढे घेऊन. खुशालही सोबत होता. वर्गात प्रकल्प पहिला आला होता. सरांनी तो नागपूरला मोठ्या लोकांपुढं वाचायला निवडला होता. ओसरीवर रीता बसली होती, पोरीच्या शाळेच्या कागदावर साक्षीदार म्हणून रुखमाबाईची सही घ्यायला आलेली. आदेशनं तिलाही पेढा दिला. तिनं घेतला. "छान झालं बाबू," म्हणाली, आणि कागद घेऊन गेली. बापानं खूण केली तसा पोरगा आजीच्या पायाशी वाकला.

रुखमाबाईनं पाय मागं घेतले.

"आई, एवढ्या आनंदाच्या दिवशी..." खुशाल म्हणाला.

"तू थांब. मी याच्याशी बोलून राह्यली." ती उठून उभी राहिली, कंबर धरून. "बाबू, नीट ऐक. नाव मी फोडलं, ते माहं पाप. पाच दिवस चिखलात उभी राह्यली, तरी तिची एक बांधी पडीत राह्यली, ते मी मेल्यावर बी माह्याच नावावर राह्यन. तुले मडकं समजलं नाई, ते बी मी माफ केलं. मी एवढी म्हातारी, मले बी नाई समजलं. पण चौकात त्या बाईनं तुह्याकडं पाह्यलं तवा तुले सगळं माहीत होतं. एक शब्द बोलाचा होता, आणि खोटा नाई, खराच. माझी चूक झाली, एवढा. घरी जेवता जेवता तुह्या तोंडातून तिचं नाव पटकन निंघालं, आणि तिले वाचवाच्या वक्ताले तुले गुप्त आठवलं. तू हुशार आहेस, मी नाई म्हणत नाई. घर तुयंच आहे. ये, जेव, झोप. पण तू भरोशाचा माणूस नाईस, आदेश. आणि मी जिती हाय तवर या गावातल्या कोण्या बाईले तू एक बी गोष्ट इचाराची नाई."