पाठमोरी बाई

कल्याण चित्रपट समीक्षक झाला तो एका बंद पंख्यामुळे. डी.एड. होऊन घरी बसला होता. नोकरी लागेना, आणि आईबापाबरोबर कोयता घेऊन कारखान्यावर ऊसतोडीला जायची लाज वाटे. अशात एका दुपारी पाथर्डीच्या थिएटरात घामाने निथळत त्याने एक सिनेमा पाहिला, बाहेर येऊन मोबाईलसमोर मनसोक्त शिव्या हासडल्या, तो व्हिडिओ टाकला आणि जिल्हाभर लोक हसले. पंख्याचा राग सिनेमावर निघाला, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. खुद्द कल्याणच्याही नाही.

पुढे एकदा त्याने एका सिनेमाचं कौतुक करून पाहिलं. तिकडे कुत्रं फिरकलं नाही. तेव्हापासून कौतुक बंद. शिव्यांच्या अधेमधे तो पशुखाद्याची जाहिरात करी, त्यावर त्याचं बरं भागे. एक दिवसही न शिकवता तो गावात सगळ्यांचा 'सर' झाला.

अडचण एकच होती. सरांच्या शिव्या ऐकून ऐकून लोक कुठल्याच सिनेमाला फिरकेनात, आणि दहा तिकिटं खपल्याशिवाय मालक शामकांतशेठ शो लावत नसत. म्हणजे सरांनाच सिनेमा बघायला मिळेना! मग सरांनी तोड काढली. ट्रेलर बघायचा आणि ठोकून द्यायचं. शितावरून भाताची परीक्षा करायला कुणाच्या बापाची भीती आहे? काम सोपं झालं, वर घामही वाचला.

असाच एक ऊसतोडीवरचा सिनेमा आला. ट्रेलरमध्ये साडीवर शर्ट घातलेली एक बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन पाठमोरी ट्रककडे चालत जाते. कल्याणने नेमकं तिलाच धरलं.

"ही बाई पुन्याची हाय, लिहून घ्या! मोळीत ऊस न्हाई, कापूस हाय. आमच्या आया अशा चालत्यात व्हय?"

लोक पोट धरून हसले. इतका कुठलाच व्हिडिओ आजवर चालला नव्हता. पशुखाद्यवाल्याने स्वतः फोन करून शाबासकी दिली.

दुसऱ्या दिवशी त्याची आई लंकाबाई नवं लुगडं नेसून पुढ्यात उभी राहिली. "मला त्यो ऊसतोडीचा पिच्चर दाव." पोरगा सिनेमावर बोलतो एवढंच तिला ठाऊक होतं. काय बोलतो, ते तिच्या साध्या फोनवर दिसत नव्हतं.

थिएटरवर चिटपाखरू नव्हतं. "दहा जमवा, लावतो," शामकांतशेठ म्हणाले. "तुमचीच कृपा, सर!"

कल्याणने चहाच्या टपरीवरच्या लोकांना गळ घातली.

"भंगार हाय, तुमीच म्हनला की!" ते म्हणाले आणि बशीतला चहा फुरकत राहिले.

आईसमोर शोभा नको, म्हणून अखेर दहाही तिकिटं त्यानेच काढली.

अंधारात दोघंच. लंकाबाई खुर्चीच्या कडेवर अवघडून बसली होती. मध्यंतरानंतर पडद्यावर ती बाई आली. तीच मोळी, तोच ट्रक, तीच पाठ. लंकाबाईने लेकाचा दंड घट्ट धरला.

"मी हाय ती! गेल्या साली फडात शूटिंगवाले आल्ते. म्हनले, मावशी, रोजच्यावानी चाला. मी कुनालाच सांगितलं न्हाई. म्हनलं, आदी माझा कल्यान बघंल."

कल्याणला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याची डी.एड.ची फी ह्याच पाठीने वाहिली होती, आणि त्याला ती ओळखता आली नव्हती. तो व्हिडिओ पुसून टाकायला हात खिशात गेला. तेवढ्यात पशुखाद्यवाला आठवला आणि हात रिकामाच बाहेर आला.

"तू बोल्लास म्हनं ह्या पिच्चरवर," लंकाबाई कुजबुजली. "त्या बाईला काय म्हनलास?"

"चांगलं म्हनलो, आये. लई चांगलं."

लंकाबाई लहान पोरीसारखी हसली. मग मान वळवून तिने मागच्या रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा पाहिल्या.

"मग मानसं का न्हाई आली रं?"