अर्थिंगची तार

धाकट्या भावाच्या अ‍ॅम्पच्या प्लगमधली अर्थिंगची तार मी माझ्या हाताने कापली, तेव्हा दुकानात दुसरं कुणी नव्हतं. असतं तर निदान लाज तरी वाटली असती.

गिटारी दुरुस्त करणं हा माझा बावीस वर्षांचा धंदा. सिंगल-कॉइलची गिटार का घुमते, हे गिऱ्हाइकांना सांगून सांगून माझ्या जिभेला घट्टे पडलेत. तिच्या पिकअपमध्ये तारेचं एकच वेटोळं असतं. ते सूर पकडतं, तशी भिंतीतल्या विजेची घूंही पकडतं. कमी करता येते, साफ घालवता येत नाही. परक्यांना हे मी ठणकावून सांगते. सख्ख्या भावाला मात्र सांगता आलं नाही.

कारण त्याची तसलीच गिटार घुमायला लागली, तेव्हा तो म्हणाला होता, "राहू दे ताई, तुला नाही जमायचं. मोठ्या दुकानात दाखवतो."

झालं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "शनिवारच्या कार्यक्रमाआधी अशी करून देते, की टाचणी पडली तरी ऐकू येईल," मी म्हटलं.

चार दिवस मान मोडून काम केलं. पिकअपखालच्या पोकळीला आतून तांब्याची पट्टी चिकटवली, सांध्यांना नव्याने डाख दिला, मधला पिकअप उलट्या वेटोळ्याचा बसवला. गिटारची घूं निम्म्याहून कमी झाली. पण तिचा अ‍ॅम्प आवाजाच्या मिक्सरला जोडला की दुसरी घूं हजर. ही गिटारची नव्हे. दोन यंत्रं दोन बोर्डांवर आणि दोघांना वेगवेगळं अर्थिंग, म्हणून होणारी. दोन्ही एकाच बोर्डावर लावली की बहुतेक वेळा भागतं. पण हॉलमधले बोर्ड माझ्या हातात नव्हते, आणि धाकटा दहा मिनिटांत येणार होता. अ‍ॅम्पची अर्थिंगची तार कापली, की ही घूं लगेच थांबते. पक्कड हातात होती. एका कार्यक्रमाचा तर प्रश्न आहे, मी स्वतःला सांगितलं.

तो आला. एक सूर छेडला आणि तारांवरून हात काढला. हात ठेवला की कुठलीही गिटार शहाण्यासारखी गप्प बसते. खरी परीक्षा हात काढल्यावर. जवळजवळ काहीच ऐकू आलं नाही.

"मानलं ताई तुला," तो म्हणाला. उभ्या जन्मात पहिल्यांदा. मी अशी हुरळले, की दिवसभर गाणं गुणगुणत होते.

शनिवारी दुपारी एका गिऱ्हाइकाच्या अ‍ॅम्पला नवा प्लग लावत होते. हात चालू होते, तोंडही चालू होतं. "ही हिरवी, अर्थिंगची तार कधी काढू नका हं. जुन्या अ‍ॅम्पमध्ये काही बिघडलं, तर वीज थेट गिटारच्या तारांत येते. हात तारांवर असतात, आणि गाताना ओठ माइकला लागले की..."

वाक्य तोंडातच राहिलं. धाकटा गातो. त्याचा अ‍ॅम्प आमच्या वडिलांच्या तरुणपणचा आहे.

फोन लावला, त्याने उचलला नाही. गिऱ्हाइकाला तसंच दुकानात सोडून मी पळत सुटले. हॉल दोन गल्ल्या सोडून होता. या वयात पळताना लोक बघतात, बघू देत.

तो स्टेजवर उभा होता. गळ्यात गिटार, समोर माइक.

"मागे हो! माइकला तोंड लावू नकोस!" मी दारातूनच ओरडले, आणि धावत जाऊन अ‍ॅम्पचा प्लग उपटला.

"अहो बाई, काय करताय काय?" साउंडवाला खेकसला.

मी प्लग धाकट्यापुढे धरला. "यातली अर्थिंगची तार मी कापली. घूं गेली ती त्यामुळे, माझ्या दुरुस्तीने नाही. तुला शॉक बसला असता."

तो ओरडेल, चारचौघांत माझा पाणउतारा करेल, असं मला वाटलं होतं. तो स्टेजच्या कडेला बसला आणि खालचा ओठ बोटाने उलटा करून दाखवला. आत तांदळाएवढा फोड होता.

"काल बसला, तालमीत."

"काल? आणि बोलला नाहीस?"

"कसं बोलू? आई गेल्यापासून तुला इतकी खूश पाहिलीच नव्हती. म्हटलं, आज माइकपासून जरा लांबून गाऊ. मग गुपचूप दुसरीकडे दाखवून आणू."

"गाढवा, मेला असतास," म्हणत मी त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि तिथेच रडायला लागले. मला खूश ठेवायला तो मरायला निघाला होता, आणि मला खुशी हवी होती ती त्याच्या एका शाबासकीची.

मग तिथेच जमिनीवर बसून, साउंडवाल्याच्या पेटीतला नवा प्लग तिन्ही तारा जोडून लावला. साउंडवाल्याने कुरकुरत दोन्ही यंत्रं एका बोर्डावर घेतली. गिटारच्या तारा आणि माइक यांच्यामध्ये मी त्याचाच वीज मोजायचा मीटर धरला. काटा शून्यावर. पुन्हा धरला. शून्य.

धाकट्याने तारांवरून हात काढला. बारीकशी घूं रिकाम्या हॉलभर पसरली.

"वाजतंय ताई."

"वाजणारच. सिंगल-कॉइल आहे," मी म्हटलं. "याहून कमी मला नाही जमत."

"मग वाजू दे," तो म्हणाला आणि माइककडे वळला.

त्याचा फोड आलेला ओठ माइकला टेकला. पहिला शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत मी श्वास घेतला नाही.