शनिवारचा धूर

हेल्वीने आज ठरवलंच होतं. शनिवार होता, वारा पडलेला होता आणि तिला आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या सिग्नेबाई धारा काढायला गोठ्यात गेल्या होत्या. अशी संधी काय रोज येते?

दहा वर्षांची पोर, पण जिद्द केवढी! तळ्याकाठी जवसाच्या काड्या वाळवायची जुनी लाकडी खोपटी होती. आतल्या दगडी चुलीत तिने भराभर लाकडं रचली, वर गोटे मांडले. आज तौनो सापडणार होता!

तौनो तिचा सहा वर्षांचा भाऊ. फिनलंडमध्ये बाँब पडायला लागले तेव्हा आईने दोघांच्या गळ्यात नावाच्या चिठ्ठ्या अडकवून त्यांना स्वीडनच्या गाडीत बसवलं आणि बजावलं, "हेल्वी, काही झालं तरी त्याचा हात सोडायचा नाही." दोन दिवस तिने सोडलाही नाही. मग इथे, चर्चच्या आवारात कुणीतरी दुधाचं मोठं भांडं पुढे केलं. खरंखुरं, साईचं दूध! ते धरायला दोन्ही हात लागले. भांडं तोंडापासून खाली घेते तर तौनो गायब! कोण घेऊन गेलं, कुठे, विचारणार कुणाला? इथली भाषा तिला येईना, तिची कुणाला कळेना. सिग्नेबाई नुसत्या तिच्या गालावरून हात फिरवायच्या. मेलं ते दूध!

घरी दर शनिवारी तळ्याकाठच्या प्रत्येक सौनातून, वाफेच्या न्हाणीघरातून, धूर निघायचा आणि तौनो असेल तिथून न्हायला पळत सुटायचा. म्हणून तीन शनिवार ती टेकडीवर चढून धूर शोधत होती. पण ही माणसं कसली! एकाही घरी सौना नाही, टबात उभं राहून अंगावर पाणी ओततात. आज सकाळी मात्र तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धूर दिसत नाही ना? मग आपणच करू!

लाकडं ओली होती. खोपटीला धुराडं नव्हतं, अगदी घरच्यासारखं. दारातून, फटींतून, छपरातून धुराचे लोट उठले. "अजून! अजून!" हेल्वी नाचायलाच लागली.

आणि चर्चची घंटा घणघणली.

अहो, सगळा गाव लोटला! बादल्या, शिड्या, घोडागाड्या. सिग्नेबाई किंचाळत धावल्या, कुणीतरी हेल्वीच्याच डोक्यावर बादली उपडी केली. शिव्या तर काय, न कळता कळतात. पण हेल्वीचं लक्ष कुठे होतं! भिजलेली, काळीठिक्कर पडलेली ती प्रत्येक गाडीत डोकावत होती. ह्यात नाही. ह्यातही नाही. गाड्या यायच्या थांबल्या तशी ती पहिल्या गाडीपासून पुन्हा बघायला लागली.

तेवढ्यात तळ्यावर वल्ह्यांचा आवाज झाला. पलीकडच्या काठावरून एक म्हातारा धापा टाकत होडी वल्हवत येत होता. त्याच्या पायाशी बादली होती. आणि पुढच्या टोकाला तौनो उभा! त्याच्या हातात बर्च झाडाच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी होती, सौनात अंगावर मारायला लागते तशी, नीट बांधलेली.

हेल्वी कमरेइतक्या पाण्यात घुसली.

"पाणी कशाला ओततायत हे? वेडे आहेत का?" तौनो भडकला होता. "आणि तू गं! इतके दिवस न्हाली नाहीस? मी दर शनिवारी जुडी बांधून बसत होतो. ही चौथी आहे. तीन वाळून गेल्या."

हेल्वीने त्याचा हात असा धरला की तो "आई गं!" म्हणाला.

सिग्नेबाई आधी हेल्वीकडे, मग त्या पोराच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तेच नाक, तीच हनुवटी. आणि अख्ख्या गावासमोर रडायलाच लागल्या. मग घरात पळत जाऊन दुधाचं मोठं भांडं घेऊन आल्या.

हेल्वीने नाही म्हणून मान हलवली. तिचा एकच हात मोकळा होता.

सिग्नेबाईंनी भांडं स्वतःच्या दोन्ही हातांनी धरून तिच्या ओठांना लावलं.