कुंपणापाशची घाणेरी

मित्रांनो, गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असलेली मी एक जुनी कुदळ आहे. माझं पातं झिजून निम्मं झालंय. लोहाराने मला विहीर खणायला घडवलं होतं, पण मी झिजले ती घाणेरी उपटण्यात.

माझे मालक म्हणजे या घरचे आजोबा. त्यांच्या बायकोने हौसेने कुंपणापाशी घाणेरीचं एक रोप लावलं होतं. त्याच्या गुलाबी-पिवळ्या फुलांवर तिचा फार जीव. पुढे ती वारली, आणि वीस वर्षांत घाणेरीने कुंपणापलीकडचा अख्खा उतार गिळला. पाखरं तिची काळी फळं खात आणि बी सगळीकडे टाकत. झुडपांखाली गवताची काडी उगवेना.

आजोबा दरवर्षी कोयत्याने वरवर छाटायचे. दोन महिन्यांत एका फांदीच्या चार व्हायच्या. मी आपली कोपऱ्यात गंजत पडलेली.

"मामंजी, मुळासकट काढू या ना," सून म्हणायची.

"छाटलीय ना? झालं तर मग," असं म्हणून ते विषय संपवायचे. मला त्यांचं दुखणं कळत होतं. बायकोने लावलेल्या झाडाच्या मुळावर घाव घालायला त्यांचा हात उठत नव्हता.

एका उन्हाळ्यात चारा संपला. भुकेली गाय घाणेरीत शिरली आणि पाला खाऊन आली. तिचे डोळे पिवळे पडले, कातडी सोलून निघू लागली.

"घाणेरीचं विष आहे, कातडीला ऊन सोसणार नाही. उन्हात बांधू नका," गुरांचा डॉक्टर म्हणाला. "वाचेलच असं मी सांगत नाही."

आठ दिवस सुनेने तिला सावलीत ठेवून पाणी पाजलं. आजोबा दाराशी नुसते बसून होते. नवव्या दिवशी गायीने मूठभर गवत खाल्लं. आजोबा उठले, मला उचललं आणि थेट कुंपणाकडे निघाले.

"सासूबाईंनी लावलेलं ते एक राहू द्या, मामंजी," सून हळूच म्हणाली.

"ती असती तर तिनेच काढलं असतं. मुक्या जनावराचे हाल तिला बघवायचे नाहीत."

मी वीतभर खोल गेले आणि मूळ तोडलं. पुन्हा रुजू नये म्हणून सुनेने झुडूप उपडं करून खडकावर ठेवलं. आजोबा थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग हात चोळून ते दुसऱ्या झुडपाकडे वळले.

दोन वर्षांत उतार मोकळा झाला. शेजारी बघायला येत, मलाही हातात घेऊन जोखत. मी फुशारले. पण मातीतलं बी कुठे जातंय? पुढच्या पावसाळ्यात शेकडो रोपं वर आली. आजोबांनी कपाळाला हात लावला.

"आता कुदळ नको, बोटं पुरतील," सून म्हणाली. तिने रोपं उपटली, मोकळ्या जागी गवत पेरलं. दर पंधरवड्याला तिची फेरी ठरलेली. मला कोणी विचारेना. खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं.

अशी काही वर्षं गेली. यंदा आजोबांना उतार चढवत नाही. सून फेरीहून आली आणि तिने एकच रोप त्यांच्या हातावर ठेवलं.

"एवढंच?"

"एवढंच."

आजोबा कितीतरी दिवसांनी हसले, आणि माझी रुखरुख तिथेच निमाली.

मित्रांनो, मला कोरड्या जागी ठेवा, दांडा सैल झाला तर ठोकून घ्या. पण उतारावरची फेरी चुकवू नका. बोटाएवढं रोप बोटांनी निघतं. ते वाढू दिलंत, तर मला बोलवावं लागेल. मी येईन, पण कंबर तुमची मोडेल.