जयराजचं मानपत्र

आमच्या पंचक्रोशीत मानपत्र लिहायचं म्हटलं की मलाच बोलावणं येतं. औंधजवळच्या गावात हायस्कूलला मराठी शिकवतो, अक्षर बरं आहे, आणि निवृत्त झालेल्या किंवा गेलेल्या माणसाबद्दल खरं लिहायची खोड मला नाही. म्हणून जयराज खरातचं मानपत्रही माझ्याकडेच आलं.

जयराज आमच्याच गावचा. साताऱ्याच्या एमआयडीसीत टर्नर होता. आपण समलिंगी आहोत, हे त्यानं एका वार्ताहराला नावगावासकट सांगितलं. आठवड्याभरात कारखान्याला कळलं की त्याचं मशीनवर लक्ष नसतं. नोकरी गेली. पुढची पंधरा-सोळा वर्षं त्यानं मग दुसरंच काम केलं. घरातून हाकललेल्या पोरापोरींना खोली मिळवून द्यायची, तृतीयपंथीयांची आधारकार्डं काढून द्यायची, ज्यांच्यासोबत कुणी येत नाही त्यांच्याबरोबर मिरजेच्या दवाखान्यात दिवस दिवस बसायचं. साताऱ्यात त्यानं पहिला मोर्चा काढला, तेव्हा मोर्चात अकरा जण होते आणि बंदोबस्ताला चौदा पोलीस. "पोलीस धरून पंचवीस झालो की," असं तो सांगायचा.

त्याच सुमारास आमच्या ग्रामसभेनं एक ठराव केला होता. जयराजनं यात्रेला गावात येऊ नये, पोरांवर परिणाम होतो. हात वर करणाऱ्यांत मीही होतो. कारण हात खाली ठेवला असता तर लोकांनी माझ्याकडे पाहिलं असतं.

यंदा जानेवारीत जयराज हृदयविकारानं गेला. पुण्याच्या एका वर्तमानपत्रानं त्याच्यावर अर्धं पान छापलं. त्यात आमच्या गावाचं नाव तीनदा आलं, तेही ऱ्हस्वदीर्घ न चुकता. सरपंच रविराज पाटलांनी ते पान लॅमिनेट करून ग्रामपंचायतीत लावलं.

"गावाचं नाव काढलं गड्यानं," ते मला म्हणाले. "आपन मरणोत्तर मानपत्र देऊ. सर, तुमी लिवा. कमी पडू देऊ नका."

मी दोन रात्री बसून लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच एखादं मानपत्र लिहिताना खोडाखोड करावी लागली नाही. ती दुसऱ्या दिवशी समितीनं केली. समिती म्हणजे सरपंच आणि निवृत्त सुभेदार लालासाहेब.

"समलिंगी ह्यो शब्द बायामाणसांपुढं कसा वाचायचा?" लालासाहेब म्हणाले. "वंचित लिवा."

"वंचित म्हटलं की राजकारण वाटतंय," सरपंच म्हणाले. "गरजू घाला."

मी गरजू घातलं. 'हक्कांसाठी लढला' याचं 'सेवेसाठी झटला' झालं. मोर्चा गेला, त्याच्याबरोबर पोलीसही गेले. शेवटी नानासोचं नाव आलं. नानासो मिरजेत सतारी-तंबोऱ्यांना पॉलिश करतो. तो आणि जयराज बारा वर्षं एकत्र राहत होते. मी 'जोडीदार' लिहिलं होतं. त्याचं आधी 'जिवलग मित्र' झालं, मग 'मित्रपरिवार'. एक माणूस कमी करून आम्ही परिवार वाढवला. उरलेला मजकूर मी वाचून पाहिला. गेल्या महिन्यात दूध संस्थेच्या चेअरमनना दिलेल्या मानपत्रात आणि यात नावापलीकडे फारसा फरक नव्हता.

मी वाद घातला नाही. घालायला हवा होता, ते मला इतर दोघांपेक्षा जास्त ठाऊक होतं. लग्नानंतर चौथ्या वर्षी मी साताऱ्याच्या स्टँडवरून जयराजला फोन केला होता. नाव सांगितलं नाही. "एका मित्राबद्दल विचारायचंय," एवढंच म्हणालो. त्यानं तासभर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमच्या मित्राला सांगा, त्याच्यात काय बी बिघाड न्हाई. आन् घाई बी न्हाई." घाई मी आजतागायत केलेली नाही.

कार्यक्रम मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात झाला. फ्लेक्सवर जयराजचा फोटो लहान होता, सरपंचांचा मोठा. मिरजेहून आलेली दहा-बारा माणसं मागच्या रांगेत बसली होती. मी मानपत्र वाचलं. टाळ्या चांगल्या पडल्या.

"परिवारापैकी कुणी पुढं यावं," सरपंच माईकवर म्हणाले.

जयराजचा भाऊ मुलीची सोयरीक चालू आहे म्हणून आला नव्हता. मंडपात कुणी हललं नाही. मग मागून नानासो उठला. पन्नाशीचा, सडपातळ, बोटांना पॉलिशचे डाग. सरपंचांनी फ्रेम त्याच्या हातात दिली आणि फोटोग्राफरकडे पाहिलं. नानासो फोटोग्राफरकडे न बघता मानपत्र वाचू लागला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचलं. फोटोग्राफर थांबून राहिला.

"अक्षर लय छान हाय," नानासो मला म्हणाला. माईक चालूच होता. "पन हे आमच्या जयराजचं न्हाई. चुकून दुसऱ्या कुणाचं आलंय. ज्यांचं असंल त्यांना द्या."

त्यानं फ्रेम टेबलावर ठेवली, नमस्कार केला आणि आपल्या माणसांना घेऊन निघाला.

"दुःखात हाय माणूस," सरपंच लोकांना म्हणाले. "मित्र होता ना."

मी फाट्यावर गेलो. एसटीची वाट बघत ती सगळी वडाखाली उभी होती. माझ्या खिशात पहिला कागद होता, काटछाट न केलेला. तो मी नानासोला दिला.

त्यानं तो उभ्यानंच वाचला. 'जोडीदार' शब्दावर त्याचं बोट थांबलं. "ह्यो जयराज हाय," तो म्हणाला.

"घरी ठेवा," मी म्हणालो.

"खाली सही करा की सर. कुनी लिवलंय ते कळाय पायजे."

मी पेन काढलं. कागद गुडघ्यावर धरला. एसटी वळणावर दिसत होती. मी खाली लिहिलं, 'एक हितचिंतक.'

नानासोनं ते पाहिलं. रागावला नाही. कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली.

"हितचिंतक लय होते त्याला," तो म्हणाला आणि गाडीत चढला.

मी मंडपात परतलो तेव्हा पंगत बसली होती. सरपंचांनी मला शेजारी जागा करून दिली. मानपत्र उत्तम झालं, असं सगळ्यांचं मत पडलं.