आरशातला बोल्ट

दातांच्या डॉक्टरांची गाडी बावीस वर्षांची झाली होती, पण त्यांच्या लेखी तिचे अजून दुधाचे दातही पडले नव्हते. तिच्या इंजिनावरच्या झाकणाच्या कडेने तेल पाझरू लागलं, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, गॅरेजमध्ये दाखवा."

"दोन बोल्ट आवळायला गॅरेज कशाला? रोज लोकांच्या जबड्यात स्क्रू बसवतो मी!"

रविवारी सकाळी त्यांनी बाह्या सरसावल्या. पहिला बोल्ट आवळला, आणखी आवळला, आणि एकाएकी तो लोण्यात फिरवल्यासारखा नुसताच गरगर फिरू लागला. भोकातले आटे गेले होते. इथे दुसऱ्या कुणीही पाना खाली ठेवला असता. डॉक्टरांनी सगळा राग अगदी मागच्या बोल्टवर काढला. 'कट्' आवाज झाला. बोल्टचं डोकं हातात आलं, धड आतच राहिलं.

हा आवाज त्यांच्या चांगला ओळखीचा होता. दाढेचं मूळ आत तुटलं की अस्साच येतो.

"काय तुटलं?" आतून बायको.

"कुठे काय!" ते इतक्या गोड आवाजात म्हणाले की ती तडक बाहेर आली.

गॅरेज गल्लीच्या टोकालाच होतं. ते चालवणाऱ्या मिस्त्रीणबाई डॉक्टरांच्या पेशंट. हलणारा दात घरीच पक्कडीने ओढला म्हणून डॉक्टरांनी गेल्या महिन्यात त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं.

सोमवारी सकाळी बाईंनी बॉनेट उचललं.

"हे कुणी केलं?"

"घरीच... जरासं..."

"घरी?" बाईंना डॉक्टरांचा शब्द न् शब्द पाठ होता. "आधीच यायला काय झालं होतं? दुखणं अंगावर काढायचं, घरी उपद्व्याप करायचे आणि मग तुकडे घेऊन आमच्याकडे यायचं!"

डॉक्टर मान खाली घालून उभे राहिले. सवय नसल्यामुळे तेही त्यांना धड जमेना.

आटे गेलेलं भोक बाईंनी हां हां म्हणता मार्गी लावलं. ते थोडं मोठं केलं, नवे आटे पाडले, आत तारेची गुंडाळी बसवली. तिच्यात जुन्याच मापाचा बोल्ट घट्ट बसला. तुटक्याने मात्र नाकी नऊ आणले. तो इंजिनाच्या पार मागे, आरशाशिवाय दिसेना. आणि आरशात पाहिलं की बाईंचा हात भलतीकडेच जाई. तुकड्याच्या बरोबर मधोमध भोक पाडायचं होतं. तिसऱ्यांदा ड्रिलचं टोक घसरलं तेव्हा बाई जे पुटपुटल्या, ते डॉक्टरांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

"मी बघू का, बाई?"

"तुम्ही? तोडला कुणी?"

"तोडला तो न बघताच, नुसता चाचपून. आरशात बघून करायचं काम माझं रोजचंच आहे."

बाई बाजूला सरकल्या. डॉक्टरांनी दवाखान्यातून लांब दांड्याचा इवलासा आरसा आणला, बाईंचा वाकड्या मानेचा ड्रिल हातात घेतला आणि ते बॉनेटखाली वाकले. त्यांचा आवाजच बदलला.

"मोठ्ठा आ करा. छान. जरा कुरकुर होईल. दुखलं तर हात वर करा हं."

टायर बदलून घ्यायला आलेले एक आजोबा गुपचूप उठून लांबच्या बाकावर जाऊन बसले.

भोक अगदी मधोमध पडलं. बाईंनी तेलाचे दोन थेंब सोडले आणि उलट्या आट्यांचा खिळा त्यात ठोकून हलक्या हाताने डावीकडे फिरवला. कर्रर्र करत तुकडा हलला आणि फिरत फिरत बाहेर आला.

"चूळ भरा," डॉक्टर सवयीने म्हणाले. बाई हसता हसता चाकावरच टेकल्या.

नवा बोल्ट बसवायचा मान डॉक्टरांना मिळाला, पण तो टेकताच बाईंनी पाना काढून घेतला आणि दोन बोटांनी जेमतेम पाव फेरा दिला.

"एवढंच?"

"एवढंच."

"मी तर पाय टेकवून जोर लावला होता."

"ते दिसलंच."

डॉक्टर खुशीत दवाखान्यात पोहोचले. पहिला पेशंट खुर्चीत वाट पाहत होता. कोपरापर्यंत काळे झालेले हात पाहून त्याने तोंड घट्ट मिटून घेतलं. डॉक्टर हात धुऊन येईपर्यंत खुर्ची रिकामी झाली होती.